आम्ही कुलूप मागतोय : क्रिप्टो एक्स्चेंजच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
भारतात क्रिप्टो फ्युचर्सची सोय देणाऱ्या सर्व एक्स्चेंजचे संचालक मंडळ

स. न. वि. वि.

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. किती बिमे आली, किती ताके गेले, कुणी किती उचल घेतली हे लिहून ठेवणे माझे काम. बावीस वर्षे वहीत आकडे मांडतोय. २०२१ पासून तुमच्यापैकी एका कंपनीचा खातेदार आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एकट्या तिच्यापुरते नाही. भाच्याच्या आणि दोन-तीन मित्रांच्या मोबाइलवर मी दुसरी ॲपही उघडून पाहिली. रंग वेगळे आहेत, बाकी मांडणी तीच.

हे पत्र लिहायला निमित्त झाले मागच्या आठवड्यात आलेल्या एका संदेशाचे. महिनाभरात फ्युचर्समध्ये, म्हणजे नाणे प्रत्यक्ष न घेता त्याच्या भावावर केलेल्या करारांत, सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्या खातेदाराला मोटारसायकल मिळणार आहे. कुणी किती कमावले, कुणी आपले भांडवल किती सांभाळले, याला त्या स्पर्धेत कुठेच गुण नाहीत. जो जास्तीत जास्त वेळा घेईल आणि विकेल, तो पहिला. हा संदेश ज्या खात्यावर आला त्या खात्यात त्या दिवशी ९,३१२ रुपये होते. ते तेवढेच का उरले होते हे तुमच्या संगणकाला माहीत आहे. आता लोकांनाही सांगतो.

माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक चोपडी आहे. तिच्यात मी क्रिप्टोचा प्रत्येक सौदा लिहितो. रकाने सहा : तारीख, नाणे, कुठे घेतले, स्टॉप-लॉस (भाव इथवर पडला की आपोआप बाहेर पडायचे ती खूण) कुठे, फार तर किती रुपये जातील, आणि का घेतले. शेवटचा रकाना भरता आला नाही तर सौदा करायचा नाही. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाही. दिवसात तीन स्टॉप-लॉस लागले की मोबाइल बाजूला ठेवायचा. हे नियम मी २०२२ च्या मे महिन्यात केले, लुना नावाचे नाणे चार-पाच दिवसांत मातीमोल झाले तेव्हा. त्यात माझे १४ हजार गेले होते आणि ते कसे गेले हे मला सांगता येत नव्हते, कारण लिहिलेच नव्हते. आकडे लिहून जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार लागली.

ज्यांना हा हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येक सौद्यात २ टक्केच पणाला लावले आणि सलग दहा सौदे चुकले, तरी शंभरातले ८१ रुपये हातात राहतात. दर वेळी २० टक्के लावले तर त्याच दहा चुकांनंतर ११ रुपयेसुद्धा उरत नाहीत, आणि तिथून पुन्हा शंभरावर यायला पैसा नऊ-दहापट व्हावा लागतो. दहा चुका सलग होतात. माझ्या चोपडीत दोनदा झाल्या आहेत. म्हणून पुढच्या भावाचा अंदाज बांधण्यापेक्षा आजचा तोटा किती होऊ द्यायचा हे ठरवणे मोठे काम. तेवढेच एक आपल्या हातात असते.

तीन वर्षांत माझ्या भांडवलात फार भर पडली नाही, पण ते टिकले. आणि एक दिवस माझा नियम मीच मोडला.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. खात्यात २ लाख ४० हजार होते. त्यातले दीड लाख घराच्या स्लॅबसाठीचे. ते पैसे तिथे ठेवणे ही माझी चूक, ती मी कुणाच्याही माथी मारत नाही. संध्याकाळी साडेआठच्या सुमारास अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनवर जबर आयातशुल्क लावण्याची भाषा केली आणि बाजार पडू लागला. साडेदहापर्यंत माझे तीन स्टॉप-लॉस लागले. ७,२०० रुपये गेले. चोपडीत तिन्ही ओळी नीट आहेत. नियमाप्रमाणे दिवस संपला होता.

पावणेबाराला मी ॲप पुन्हा उघडले. गेलेले परत मिळवायचे, एवढेच डोक्यात. ज्याने सौदे केले आहेत त्याला ती अवस्था ठाऊक आहे. छातीत धडधड असते आणि आपण फार स्पष्ट विचार करतोय असे वाटत असते. इथर हे नाणे घेतले, ४० हजार मार्जिनवर, म्हणजे स्वतःच्या अनामत रकमेवर, २५ पट. म्हणजे १० लाखांचा चालू सौदा, पोझिशन. एरवी मी तीन पटींच्या वर जात नाही. एकच्या सुमारास भाव थोडा उतरला तेव्हा ॲव्हरेज करायला, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली आणायला, आणखी १० लाखांची घेतली. स्टॉप-लॉस लावला नाही. अडीचच्या आसपास बातमी आली की अमेरिका चीनच्या मालावर आणखी १०० टक्के शुल्क लावणार. त्यानंतरच्या काही मिनिटांत काय झाले ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. एका दिवसात जगभरात १९ अब्ज डॉलरहून जास्त रकमेच्या पोझिशन मार्जिन संपल्याने सक्तीने बंद झाल्या, म्हणजे लिक्विडेट झाल्या. क्रिप्टोच्या इतिहासात तोवर एवढे लिक्विडेशन झाले नव्हते. काही लहान नाणी मिनिटांत निम्म्याहून खाली गेली. ज्यांनी स्टॉप-लॉस लावला होता त्यांनाही घेणारा भलत्याच भावात मिळाला. माझे खाते साफ झाले.

चोपडीत त्या रात्रीची चौथी ओळ मी सकाळी लिहिली. तारीख लिहिली, नाणे लिहिले, भाव लिहिला. ‘का घेतले’ हा रकाना अजून कोरा आहे.

माझे २ लाख ३० हजार परत द्या असे मी म्हणत नाही. तुमच्या शर्तींवर मी सही केली आहे, बटण माझ्याच बोटाने दाबले आहे. मात्र ‘जोखीम सांभाळणे ही ग्राहकाची जबाबदारी’ हे तुमच्या शर्तींतले वाक्य मी आता पाठ म्हणू शकतो, आणि ती जबाबदारी पार पाडायला ग्राहक जे जे मागतो ते तुम्ही देत नाही, ही माझी तक्रार आहे.

पहिली तक्रार कुलपाची. हे सगळे घडण्याआधी तीन महिने, जुलैत, मी तुमच्यातल्या त्या कंपनीला लिहिले होते. मागणी साधी होती. दिवसभराच्या तोट्याची मर्यादा मला ठरवू द्या, आणि तेवढा तोटा झाला की चोवीस तास नवी पोझिशन उघडू देऊ नका, मी कितीही विनवण्या केल्या तरी. उत्तर आले : ‘ही सुविधा सध्या उपलब्ध नाही. आपण ॲपमधून लॉगआउट करू शकता.’ लॉगआउट झालेला माणूस अर्ध्या मिनिटात पुन्हा आत येतो. माझ्या घरात दारू सोडलेले एक वडीलधारे माणूस आहे. कपाटाची किल्ली आजही आत्याकडे असते, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. शुद्धीत असताना माणूस स्वतःच्या पुढच्या वेळेसाठी कुलूप मागतो, तेव्हा ते देणाऱ्याचे काय जाते? शेअर बाजारात हे झाले आहे. सेबीने १ जुलै २०२४ पासून ब्रोकरांना बंधन घातले की ग्राहकाने सांगितले तर त्याचे खाते गोठवण्याची सोय हवी. मूळ हेतू संशयास्पद व्यवहार थांबवण्याचा होता, पण सोय झाली. काही ब्रोकरांच्या ॲपवर तर ‘किल स्विच’ नावाचे बटणच आहे. ते दाबले की ठरावीक तास त्या विभागात सौदा होत नाही. म्हणजे हे बनवणे अशक्य नाही.

दुसरी तक्रार पडद्याच्या मांडणीची आहे. लिव्हरेजची, म्हणजे मार्जिनच्या किती पट सौदा करायचा त्याची, पट्टी ३ वरून २५ वर न्यायला बोट एकदा सरकवावे लागते. स्टॉप-लॉस लावायला मात्र आधी एका चौकटीत खूण करायची, मग नवा पडदा उघडतो, मग भाव टाकायचा, मग पुन्हा खात्री करायची. मार्जिनचा प्रकार आधीपासून ‘क्रॉस’वर ठेवलेला असतो. ‘आयसोलेटेड’ असते तर माझे त्या दोन सौद्यांत लावलेले ८० हजार गेले असते आणि स्लॅबचे पैसे वाचले असते. ‘क्रॉस’मध्ये वॉलेटमधला सगळा पैसा त्या पोझिशनच्या मागे उभा राहतो. हा फरक किती नव्या पोरांना माहीत आहे? माझा भाचा मिरजेत बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठ महिने फ्युचर्स करत होता. त्याला विचारले तेव्हा म्हणाला, “मामा, ते सेटिंग मी कधी बघितलंच नाही.” ५० पटींवर भाव २ टक्के उलटा गेला की मार्जिन संपते. बिटकॉइनमध्ये २ टक्के ही चहा पिऊन येईपर्यंतची हालचाल आहे. युरोपीय संघाच्या नियंत्रकाने २०१८ मध्येच सामान्य ग्राहकाला क्रिप्टोच्या फरक-करारांवर (नाणे न घेता भावातल्या फरकावर होणारे सौदे) २ पटींपेक्षा जास्त लिव्हरेज द्यायचे नाही असा नियम केला. ब्रिटनने जानेवारी २०२१ पासून सामान्य ग्राहकाला असे करार विकणेच बंद केले. बायनान्ससारख्या जगातल्या बड्या एक्स्चेंजनेही जुलै २०२१ मध्ये नव्या खातेदारांसाठी मर्यादा २० पटींवर आणली. आपल्याकडे कायदा नाही म्हणून तुम्ही तेही करत नाही.

तिसरी, तुमच्या कमाईची. फी मार्जिनवर लागत नाही, पोझिशनच्या पूर्ण रकमेवर लागते. शेकडा ०.०५ हा आकडा ऐकायला नगण्य वाटतो. १० हजार रुपयांवर ५० पट घेतले की पोझिशन ५ लाखांची होते, फी जाताना २५० आणि येताना २५०. म्हणजे भाव जागचा हलला नाही तरी १० हजारांतले ५०० गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, पोझिशन जास्त वेळ ठेवली तर फंडिंग, म्हणजे ठरावीक तासांनी होणारी देवघेव, वेगळे. असे वीस सौदे केले की माणूस संपला. लिव्हरेज वाढले की तुमची फी वाढते, सौदे वाढले की तुमची फी वाढते, म्हणून उलाढालीवर मोटारसायकल. आणि म्हणूनच यूट्यूबवर, टेलिग्रामवर आपल्याच भाषेत ‘माझ्या लिंकवरून खाते उघडा, सिग्नल फुकट’ म्हणणाऱ्यांना तुम्ही आमच्या फीतला वाटा देता. भाच्याच्या ग्रुपमध्ये दिवसाला पंधरा-वीस सिग्नल, म्हणजे ‘हे घ्या, ते विका’ अशा सूचना, यायचे. चांगला सौदा दिवसात पंधरा वेळा सापडत नाही. मला तो आठवड्यात दोनदा सापडला तर मी समाधानी असतो. खाते साफ झाल्यावर चौथ्या दिवशी मला संदेश आला की पुन्हा पैसे भरा, ५०० रुपयांचा बोनस मिळेल. घरी अजून सांगितलेही नव्हते. हा एक संदेश मी विसरू शकत नाही.

चौथी. किती लोक बुडतात हे तुम्ही सांगत नाही. सेबीने शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास करून आकडे जाहीर केले. आणि १ जुलै २०२३ पासून प्रत्येक ब्रोकरला लॉगिनच्या वेळी ते दाखवायला लावले : दहापैकी नऊ जणांना तोटा, तोट्यातल्या माणसाचा सरासरी तोटा ५० हजारांच्या आसपास, आणि त्या तोट्याच्या २८ टक्के रक्कम वर खर्चात गेलेली. पुढे २०२५ च्या जुलैत आलेल्या अभ्यासातही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के जण तोट्यातच होते. तिथे लिव्हरेज तुमच्यापेक्षा कमी आहे, बाजार रात्री बंद होतो, शनिवार-रविवार सुट्टी असते. तुमच्याकडे बाजार झोपत नाही आणि आकडा कुठेच नाही. तुमच्याकडे प्रत्येक खात्याची पै न् पै नोंदलेली आहे. दुपारी विचारले तर संध्याकाळपर्यंत आकडा निघेल.

पाचवी गोष्ट तुम्ही केलेली नाही, सरकारने केली आहे, पण तिचा फायदा तुम्ही घेता म्हणून इथे लिहितो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, उपकर धरून ३१.२. एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. याचा अर्थ चोपडीत मांडून बघा. दहा सौदे केले. सहा चुकले, प्रत्येकात शिस्तीने १,००० वर तोटा कापला, ६,००० गेले. चार बरोबर आले, प्रत्येकी २,००० मिळाले, ८,००० आले. हाती उरले २,०००. कर लागतो ८,००० वर, २,४९६ रुपये. वेळेवर तोटा कापणारा माणूस खिशातून ४९६ घालतो. जो स्टॉप-लॉस न लावता ‘कधीतरी वर येईल’ म्हणून बसून राहतो त्याला हा भुर्दंड नाही. शहाणपणाने वागणाऱ्याला शिक्षा करणारा असा नियम मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेला नाही. त्यात १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. एक लाखाचे भांडवल दहा वेळा फिरवले की साडेनऊ हजार रिटर्न भरेपर्यंत अडकले. छोट्या माणसाला नाणे रोखीने घेऊन विकणे परवडेना. नेमके तेव्हा तुम्ही जाहिरात केली की फ्युचर्सवर टीडीएस कापला जात नाही, या इकडे. मी तेव्हाच इकडे आलो. साध्या खरेदी-विक्रीत लिव्हरेज नसते, लिक्विडेशन नसते. माझ्यासारखी हजारो माणसे कराच्या भीतीने कमी जोखमीच्या जागेतून जास्त जोखमीच्या जागेत आली, आणि तुम्ही दारात उभे राहून स्वागत केले.

ठेवींच्या सुरक्षेबद्दल एवढेच. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि लोकांची नाणी वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. त्यानंतर तरी ग्राहकाचा रोख रुपया आणि तुमचा धंद्याचा पैसा वेगळा कसा ठेवता, हे सोप्या मराठीत, सोप्या हिंदीत एका पानावर लिहून द्यायला हवे होते. मी शोधले, सापडले नाही.

आता मागण्या.

एक. प्रत्येक खातेदाराला रोजच्या आणि आठवड्याच्या तोट्याची मर्यादा स्वतः घालता आली पाहिजे. मर्यादा कमी करायची तर ताबडतोब लागू, वाढवायची तर सात दिवसांनी. खाते एक दिवस, एक महिना, सहा महिने बंद करण्याचे बटण पहिल्याच पडद्यावर हवे, आणि मुदत संपेपर्यंत ते कुणालाही उघडता येता कामा नये, ग्राहक सेवेलाही नाही. पैसे काढण्याचा मार्ग मात्र उघडा राहावा.

दोन. नवे खाते १ पटीवर आणि ‘आयसोलेटेड’वर सुरू व्हावे. सामान्य खातेदाराला ५ पटींच्या वर लिव्हरेज देऊ नये. पोझिशन उघडण्याच्या पडद्यावर ‘यात जास्तीत जास्त किती रुपये जातील’ हा आकडा बटणाच्या वर, मोठ्या अक्षरात, रुपयांत.

तीन. दर तिमाहीला फ्युचर्सच्या किती टक्के खात्यांना तोटा झाला, सरासरी किती झाला, फीत किती गेले, हे जाहीर करा आणि लॉगिनला दाखवा.

चार. उलाढालीवरच्या स्पर्धा बंद करा. लिक्विडेट झालेल्या खात्याला निदान नव्वद दिवस कुठलाही बोनसचा संदेश पाठवू नका. लिंकवरून ग्राहक आणणाऱ्याला फीतला वाटा मिळतो हे त्याच्या प्रत्येक व्हिडिओत आणि ग्रुपमध्ये ठळकपणे लिहिणे सक्तीचे करा. जो लिहिणार नाही त्याचा वाटा बंद.

पाच. केंद्रीय अर्थमंत्रालयाकडे तुम्ही दरवर्षी टीडीएस कमी करा म्हणून जाता. पुढच्या वेळी क्रिप्टोचा तोटा क्रिप्टोच्याच नफ्यातून वजा करू द्या ही मागणी पहिली ठेवा, आणि सोबत वरच्या चार गोष्टी स्वतःहून केल्याचा कागद न्या. कायद्याची वाट बघायची गरज नाही. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात मांडायचे म्हणून यादीत आलेले क्रिप्टोचे विधेयक मांडलेच गेले नाही, आणि तुमचा धंदा तेव्हापासून विधेयकावाचूनच चालू आहे. मग ग्राहकाच्या रक्षणासाठीच विधेयक कशाला हवे?

कुणी म्हणेल, एवढे झाले तर क्रिप्टो सोडून द्या. भाच्याने सोडले. मी सोडलेले नाही. उरलेल्या ९,३१२ रुपयांवर एक टक्का म्हणजे ९३ रुपयांच्या जोखमीने, लिव्हरेजशिवाय, आठवड्यात फार तर दोन सौदे करतो. बायकोने चोपडीत सातवा रकाना आखून दिला आहे, तिच्या सहीचा. सही असल्याशिवाय सौदा होत नाही, आणि रात्री दहानंतर ती सही करत नाही. ती गारमेंटमध्ये शिलाई करून दमून येते, तरी रोज विचारते, आज काही लिहायचे आहे का. तुमच्या इंजिनिअरांनी एका दुपारी बनवायची गोष्ट आमच्या घरात एक बाई पेनने करते आहे.

या पत्राची एक प्रत अर्थमंत्रालयाला आणि एक प्रत वित्तीय गुप्तवार्ता विभागाला पाठवतो आहे, कारण तुमची नोंदणी सध्या तिथेच होते. तुमच्यापैकी जी कंपनी तोट्याच्या मर्यादेचे बटण सुरू करील तिचे नाव मी स्वतः जाहीरपणे लिहीन. उत्तर पाठवणार असाल तर ‘सुविधा सध्या उपलब्ध नाही’ एवढ्यावर थांबू नका, कोणत्या तारखेला उपलब्ध होईल ते लिहा.

आपला,
एक खातेदार, इचलकरंजी